वाघजाईपाशी ठेवलेलं गाठोडं

“माझी अंजिरी साडी कुणी पाहिलीय का?”

आई उघड्या कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. अप्पा खिडकीच्या गजाला आरसा टांगून दाढी करत होते. गालाला साबण असताना त्यांना बोलता येत नसे, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या.

“परवा शेखरची कानटोपी गेली. काल गुळाचा डबा. आता साडी. या वानरांचा बंदोबस्त करा बाई कुणीतरी.”

“वानर गूळ नेईल,” वस्तरा पाण्यात बुचकळत अप्पा म्हणाले. “एखादं हौशी वानर कानटोपीसुद्धा नेईल. पण अंजिरी साडी? त्यांच्याकडे काही कार्य निघालंय का?”

माझ्या धाकट्या भावाला, शेखरला, वानरांच्या घरचं कार्य भारी आवडलं. “नवरी कोण?” असं त्याने विचारलं आणि आईला हसू आलं. साडीचा विषय तेवढ्यापुरता मिटला. मी दुधाच्या पेल्यात तोंड खुपसून बसले होते. पेला केव्हाच रिकामा झाला होता.

अप्पांनी गमबूट चढवले, टॉर्च घेतली, गळ्याला मफलर गुंडाळला. करडा, एका टोकाला उसवलेला. उन्हाळा असो की पावसाळा, तो मफलर त्यांच्या गळ्यात असायचाच, कारण त्यांचं काम धरणाच्या पोटात होतं आणि तिथे बारा महिने गारठा.

“अप्पा, आज आत जाणार?”

“जाणार की.”

“किती वेळ?”

“लागेल तेवढा.”

रोज मी हे विचारायचे आणि रोज हेच उत्तर मिळायचं. मग ते धुक्यात दिसेनासे होईपर्यंत मी फाटकाशी उभी राहायचे. अप्पांना वाटायचं, लेकीचा किती जीव आहे. जीव होताच, पण मी उभी असायचे ती वेगळ्याच कारणाने. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आपण त्यांना शेवटचं बघतोय.

आमची वसाहत केळशेतच्या धरणाच्या अगदी पायथ्याशी होती. मागचं दार उघडलं की समोर धरण. आकाशाचा खालचा अर्धा भाग दगडी असतो, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. सूर्य त्या भिंतीमागून वर यायचा, त्यामुळे आमच्याकडे सकाळ उशिरा व्हायची. पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरलं की हवेत बारीक तुषार तरंगत राहायचे, वाळत घातलेले कपडे वाळायचं नाव घेत नसत, आणि माणसं लांबून चालत आली की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग ती. भिंतीपलीकडे मोठं पाणी आहे हे आम्हाला माहीत होतं. ते दिसत मात्र नसे.

वसाहतीला एक खोड होती. नारळ फोडायचा नाही, ‘वाढवायचा’, हे तर सगळीकडेच म्हणतात. आमच्याकडे कपसुद्धा वाढायचा. शेखरचा फुगा वाढला. शेजारच्या रणपिसेकाकूंच्या हातून लोणच्याची बरणी वाढली आणि ओटाभर तेल झालं. काहीही झालं तरी ‘फुटलं’ म्हणायचं नाही. का, ते कुणी सांगत नसे. आम्हा मुलांना त्यात गंमत वाटायची.

ती गंमत श्रावणातल्या एका संध्याकाळी संपली. आई तांदूळ निवडत होती, अप्पा आरामखुर्चीत होते, रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. बातम्या देणारी बाई तिच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाली की दूरच्या एका राज्यात धरण फुटून खालच्या गावांमधली—

अप्पांनी खटकन बटण फिरवलं.

मग शेजारचा रेडिओ बंद झाला. त्याच्या पलीकडचा बंद झाला. एकापाठोपाठ एक अख्ख्या वसाहतीतले रेडिओ गप्प झाले, आणि नेहमी आमच्या कानावरही न येणारा सांडव्याच्या पाण्याचा आवाज तेवढा उरला.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. पानं घ्यायची का गं?” अप्पा आईला म्हणाले.

“काय फुटलं, अप्पा?”

“कुंदा!” आई ओरडली. “तिन्हीसांजेला काय ते बोलणं!”

त्या दिवसापासून बातम्यांच्या वेळी आमच्याकडे रेडिओ लागेना. मोठी माणसं घोळका करून उभी असायची आणि आम्ही मुलं जवळ गेलो की एकदम भाजीबद्दल बोलायला लागायची. भाजीबद्दल इतकं बोलण्यासारखं काय असतं? पडवळाला कीड लागली असं रणपिसेकाका डोळ्यांत पाणी आणून सांगत होते, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की काहीतरी भयंकर आहे. खालच्या गावांमधली काय? घरं? शाळा? माणसं? मला अर्धीच बातमी मिळाली होती. उरलेली अर्धी मी रोज अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःच तयार करत होते.

मग स्वप्न पडायचं. त्यात पाणी धावत येत नसे. मागच्या दाराने सावकाश आत यायचं, हिरवट, स्वच्छ, आणि आधी चपला उचलायचं. मग पाट तरंगायचे. मग पोळ्या लाटणारी आई पोळपाटासकट वर उचलली जायची आणि तरीही तिचं लाटणं थांबायचं नाही. शेखर माशांशी काहीतरी बोलायचा. आम्ही तरंगत तरंगत धरणाला खेटून असलेल्या वाघजाईच्या टेकडीपर्यंत जायचो आणि अलगद देवळाच्या पायऱ्यांना लागायचो. भीती अशी वाटायचीच नाही. पायरीवर बसून मी मागे वळून बघायचे, सगळे आले का म्हणून, आणि तिथेच जाग यायची. सकाळी पोळीचा घास तोंडात फिरायचा, गिळवत नसे. आईने ठरवलं की मला जंत झालेत. तिने मला किराइताचा काढा पाजला, आणि पाण्याच्या भीतीवर त्याचा काहीही उपयोग होत नाही हे मी अनुभवाने सांगू शकते.

शेवटी मी घर हलवायचं ठरवलं.

एकदम हलवणं शक्य नव्हतं, म्हणून थोडं थोडं. शाळेतून येताना वाट वाकडी करायची, टेकडी चढायची, आणि देवळाच्या मागच्या कोनाड्यात एका जुन्या चादरीच्या गाठोड्यात एकेक वस्तू ठेवायची. कानटोपी शेखरसाठी, कारण भिजला की त्याला लगेच खोकला होई. साडी आईसाठी, तिला कोरडं नेसायला नको का? अंजिरीच का, तर त्या साडीत ती मला फार आवडायची. गूळ सगळ्यांना. निरांजन आणि काडेपेटी. माझा एक फ्रॉक, आणि भूगोलाचं पुस्तक. सगळं वाहून गेलं तरी सहामाही परीक्षा होणारच, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

आणि एका दुपारी भोंगा वाजला.

धरणाचे दरवाजे उघडायचे असले की आधी भोंगा वाजे, नदीच्या पात्रातल्या लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. आम्हा मुलांचा तो सण. भोंगा ऐकला की हातातलं टाकून सगळी पुलाकडे पळायची. तिथून पांढरंशुभ्र पाणी कोसळताना दिसायचं आणि तोंड भिजून निघायचं. त्या दिवशीही सगळी पळाली. मी शेखरचा हात धरला आणि उलट्या बाजूला धावत सुटले.

“ताई, पूल तिकडे!”

“आज इकडे.”

“माझी चप्पल राहिली!”

“राहू दे.”

“मला पाणी बघायचंय!”

अर्ध्या टेकडीवर त्याने बसकण मारली, तेव्हा मी त्याला पाठुंगळी घेतलं. तो पाठीवर रडत होता, मी धापा टाकत होते, आणि खाली भोंगा वाजतच होता. देवळात गुरवाची बायको हौसाबाई समई घासत बसली होती.

“आलीस का गं बाय?” ती म्हणाली. “आज धाकल्यालाबी आनलंस व्हय?”

मी पायरीवर बसले आणि खाली बघू लागले. तुषारांच्या ढगात वसाहतीची कौलं मधूनच दिसत होती, मधूनच नाही. धरणाच्या पायथ्याशी एक लहानसं लोखंडी दार होतं. अप्पा रोज त्याच दाराने आत जायचे. ते दार बंद होतं, आणि मी त्याच्यावरची नजर हलवत नव्हते.

आई आली ती अनवाणी. एका हाताला कणीक तशीच होती. वर पोचल्या पोचल्या तिने मला एक सणसणीत धपाटा घातला आणि मग दोघांना इतकं घट्ट धरलं की कणीक माझ्या केसांना लागली.

“पुलावर सगळी पोरं आहेत आणि तुम्ही दोघंच नाही! मी कुठं कुठं शोधलं तुम्हाला! पाण्यात बघत होते मी, पाण्यात!”

“मारू नगा बाई तिला,” हौसाबाई म्हणाली. “गुणाची हाय पोर. रोज येती, गाठोडं सोडती, बगती, पुन्यांदा बांधती. देवीला इचारती, आमाला जागा हाय का म्हनून. म्या म्हनलं, आईचं देऊळ हाय, तितं जागेला काय तोटा?”

“कसलं गाठोडं?” आईने विचारलं.

मी कोनाड्याकडे बोट दाखवलं. आईने गाठ सोडली. साडी बाहेर निघाली, कानटोपी निघाली, डबा निघाला. शेखरने लगेच गूळ मागितला. एकेक वस्तू आई ओळीने पायरीवर मांडत गेली. सगळं काढून झाल्यावर तिने रिकाम्या चादरीत पुन्हा एकदा हात फिरवला.

“एवढंच?”

“एवढंच.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता साडीवरून चांगली खरडपट्टी निघणार. पण एकेक करून सगळ्या वस्तू तिने चादरीत परत ठेवल्या, साडीसुद्धा, आणि माझ्यासारखीच गाठ मारली.

“चला घरी,” ती म्हणाली. “पीठ झाकून ठेवायचं राहिलंय.”

संध्याकाळी अप्पा आल्यावर स्वयंपाकघरात दोघांचं बराच वेळ हळू आवाजात बोलणं चाललं होतं. मी पाढे म्हणत होते, म्हणजे तोंडाने पाढे आणि कान भिंतीला.

“उद्या तिला आत घेऊन जा,” आई म्हणाली.

“अगं, मुलांना न्यायची परवानगी नसते.”

“मग काढा. साहेबांना सांगा, पोरगी जेवत नाही, उलट्या दिशेला पळत सुटते.”

“आत नेऊन काय होणार आहे?”

“ते मला नाही माहीत. जे आहे ते तिला बघू दे. आणि तुम्हीसुद्धा...” आई थांबली. “तुम्हीसुद्धा कुणाशी तरी बोला हो एकदा. माझ्याशी नाही बोलत तर तिच्याशी बोला.”

दोन दिवसांनी परवानगी मिळाली.

लोखंडी दारापाशी अप्पांनी आपला मफलर सोडला आणि माझ्या गळ्याभोवती गुंडाळला. तो इतका लांब होता की टोकं माझ्या गुडघ्यांपर्यंत आली. मग कुलूप काढलं.

आत एक लांबच लांब बोगदा होता. त्याला सगळे गॅलरी म्हणायचे. वर मिणमिणत्या दिव्यांची रांग, आणि प्रत्येक दिव्याभोवती धुक्याचं एक कडं. भिंतींना घाम आला होता. कुठेतरी टप टप चाललं होतं, कुठेतरी झुळझुळ. आम्ही चाललो की आमच्या पावलांचा आवाज आधी पुढे जायचा आणि मग सावकाश परत यायचा, जणू समोरून कुणी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन येतोय. मी अजून झोपेतच आहे असं मला वाटू लागलं. मी अप्पांचा हात चाचपून पाहिला. तो होता.

“पाणी कुठे आहे?”

“या भिंतीच्या पलीकडे.” त्यांनी माझा तळहात दगडावर टेकवला. दगड गार होता आणि गप्प होता.

तेवढ्यात माझं लक्ष खाली गेलं. जमिनीत ओळीने भोकं होती आणि प्रत्येक भोकातून पाणी वर येत होतं. बुडबुडत, हसत खेळत, आणि कडेच्या नाळीतून वाहत चाललं होतं.

“अप्पा! गळतंय! अप्पा, सगळीकडे गळतंय!”

मी पळणार होते. अप्पांनी मफलरचं टोक पकडलं.

“थांब, थांब. ती भोकं आम्हीच पाडलीत.”

“तुम्ही?”

“धरण बांधतानाच पाडतात.”

“कशाला?” मी जवळजवळ ओरडले. इतका वेडेपणा मोठी माणसं करतील असं मला कधीच वाटलं नव्हतं.

अप्पा उकिडवे बसले आणि एका भोकावर त्यांनी हात धरला. पाणी त्यांच्या बोटांमधून वर आलं. “हे बघ. पाणी समोरून ढकलतं, ते तर भिंत अडवतेच. पण थोडं पाणी खालून शिरतं, आणि सगळं धरणच वर उचलायला बघतं. ते कितीही केलं तरी शिरणारच. म्हणून त्याला आपणच वाट करून द्यायची. इथून बाहेर ये, या नाळीतून जा, म्हणायचं. मी रोज येऊन एवढंच बघतो. किती येतंय, गढूळ आहे की स्वच्छ.”

“आणि यायचं बंद झालं तर?”

“तर मला जास्त काळजी वाटते.”

मी त्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. स्वच्छ होतं.

“अप्पा,” मी विचारलं, “आपलं धरण वाढेल का?”

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते हसले, आणि त्यांचं हसू बोगद्यात लांबवर जाऊन परत आलं. “फुटेल का, असं विचार,” ते म्हणाले. “इथे विचार खुशाल.”

“फुटेल का?”

तो शब्दही लांबवर गेला आणि परत आला. काही झालं नाही. दिवे तसेच मिणमिणत होते.

“मला नाही वाटत फुटेल,” अप्पा सावकाश म्हणाले. “खूप माणसं रोज त्यावर लक्ष ठेवून असतात. पण कधीच फुटणार नाही, असं मी तुला सांगणार नाही. तिथल्या लोकांनाही वाटलं नव्हतं.”

“तिथलं फुटलं?”

“फुटलं.”

“मग खालच्या गावांमधली...” मी इतके दिवस याच जागी अडकले होते. “खालच्या गावांमधली काय, अप्पा?”

“माणसं गेली, कुंदा. खूप माणसं. घरं गेली, गुरं गेली.”

“मुलं?”

“मुलंसुद्धा.”

मी मफलरचं टोक तोंडात धरलं. मला वाटलं होतं की खरं ऐकल्यावर मी मरूनच जाईन. तसं झालं नाही. फार वाईट वाटलं, पण पायाखालची जमीन जागेवर होती.

“दिगूकाका तिथल्याच धरणावर होता,” अप्पा म्हणाले.

दिगूकाका अप्पांचा कॉलेजातला मित्र. उन्हाळ्यात आमच्याकडे राहून गेला होता, शेखरला खांद्यावर बसवून वसाहतभर हिंडला होता, आणि मला ‘या चीफ इंजिनिअर’ असं म्हणायचा. आमरसाच्या वाट्या मोजायच्या नाहीत असा त्याचा नियम होता.

“होता म्हणजे?”

“माहीत नाही. तार केली. तिकडून काही उत्तर नाही.”

“म्हणून तुम्ही रेडिओ बंद केलात?”

“मला ऐकवेना गं,” अप्पा म्हणाले.

ते नाळीच्या काठावर बसले आणि रडू लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते मोठ्याने नाही रडले, आणि पाण्याच्या झुळझुळीत तो आवाज इतका मिसळून गेला की बाहेरच्या कुणाला वेगळा ओळखू आला नसता. काय करायचं ते मला समजेना. मफलर खूप लांब होता, म्हणून त्याच्या टोकाने मी त्यांचं तोंड पुसलं. उसवलेल्या बाजूने.

मग ते म्हणाले, “आई सांगत होती, गाठोड्यात सगळ्यांचं काही ना काही आहे. माझंच काही नाही.”

मी मफलरचं टोक बोटाभोवती गुंडाळू लागले.

“विसरलीस?”

“नाही.”

“मग?”

“भोंगा वाजेल तेव्हा तुम्ही आत असणार ना,” मी म्हणाले. “तुम्हाला काय लागणार?”

आणि मग मला रडू फुटलं. जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं, की स्वप्नात मी मागे वळून बघते तेव्हा सगळे असतात, फक्त तुम्ही नसता. अप्पा मला ‘रडू नकोस’ म्हणाले नाहीत. त्यांनी मला जवळ घेतलं आणि रडू दिलं. माझे हुंदके ओसरले तेव्हा त्यांनी टॉर्च उचलली.

“चल,” ते म्हणाले. “तुला एक दाखवायचंय.”

गॅलरीच्या टोकाला पायऱ्या होत्या. अरुंद, वर वर जाणाऱ्या, वळणावळणाच्या. आम्ही चढत राहिलो. गारठा कमी होत गेला, पाण्याचा आवाज खाली राहिला, आणि वर एक उजेडाची फट दिसू लागली. अप्पांनी खांदा लावून दार ढकललं.

बाहेर ऊन होतं. तेरडा फुलला होता. आणि हाकेच्या अंतरावर वाघजाईचं देऊळ होतं, त्याच्या पायरीवर आई बसलेली, आणि शेखर हौसाबाईच्या कोंबडीमागे धावत होता.

मी मागे वळून त्या दाराकडे पाहिलं. गवतात अर्धं लपलेलं, गंजलेलं दार. मी रोज टेकडीवर यायचे, पण माझी नजर कायम खालच्या दारावर. हे मला कधी दिसलंच नव्हतं.

“आत जायचं दार खाली आहे,” अप्पा म्हणाले. “पण बाहेर पडायला हेही आहे. कधी पळायची वेळ आलीच, तर तू आईला आणि शेखरला घेऊन खालून ये. मी इथून येतो. देवळात भेटायचं.”

“नक्की?”

“नक्की.”

आईने आम्हाला येताना पाहिलं. तिने अप्पांच्या लाल डोळ्यांकडे बघितलं, आणि बाजूला सरकून त्यांना पायरीवर जागा करून दिली. अप्पांनी कोनाड्यातलं गाठोडं काढलं, गाठ सोडली. माझ्या गळ्यातला मफलर काढला, त्याची नीट घडी केली, आणि आईची साडी आणि माझा फ्रॉक यांच्या मधोमध ठेवला.

“माझंही असू दे,” ते म्हणाले.

“तुम्हाला आत थंडी वाजेल.”

“वर आल्यावर लागेल ना मला. बांध गाठ.”

मी गाठ बांधली. त्या संध्याकाळी आमच्याकडे बातम्या लागल्या, आणि अप्पांनी आवाज मोठा केला. आम्ही चौघांनी त्या शेवटपर्यंत ऐकल्या. ऐकून झाल्यावर मी तीन पोळ्या खाल्ल्या. दोन-चार दिवसांत शेजारचे रेडिओही लागायला लागले, आणि रणपिसेकाकांनी पडवळाचा विषय कायमचा सोडला. दिगूकाका परत कधी आला नाही.

दसऱ्याला आईने मला विचारलं, “माझी साडी खाली आणली तर चालेल का गं?” मी विचार करून हो म्हणाले. ती गेली आणि फक्त साडीच घेऊन आली.

मफलर वरच राहिला. थंडी पडली. अप्पा रोज आत जायचे आणि शिंकत शिंकत परत यायचे. आई दुसरा मफलर विणते म्हणाली, तर म्हणाले, “आहे की माझा.” वाटेत कुणी विचारायचं, “काय खासनीस, गळा मोकळाच? मफलर कुठे गेला?” तर अप्पा अगदी सरळ चेहऱ्याने सांगायचे, “वर ठेवलाय.” सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नसे, ऐकणाऱ्याला काही कळत नसे, आणि मी बाजूला उभी राहून ऐकत असायचे. त्यांनी मला एकदाही तो आणायला सांगितलं नाही.

स्वप्न अजून पडायचं. पाणी यायचं, पाट तरंगायचे, आई पोळ्या लाटत वर जायची. पण एकदा मी पायरीवर बसून मागे वळले तर टेकडीच्या बाजूने, गवतातून, कुणीतरी गमबूट घालून येत होतं. त्या पहाटे मला जाग आली ती अप्पांच्या शिंकांनी.

आई अजून चूल पेटवत होती. मी टेकडी चढून गेले, गाठोडं सोडलं. मफलरला धुराचा आणि कापराचा वास लागला होता. तो घेऊन मी खाली आले तेव्हा अप्पा दारात बसून गमबूट चढवत होते.

त्यांनी मफलरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले.

त्यांनी तो गळ्याला गुंडाळला, टॉर्च घेतली आणि फाटकापाशी जाऊन जरा घुटमळले. रोजच्या प्रश्नाची वाट बघत असावेत.

“काही विचारायचंय का?”

“नाही,” मी म्हणाले, “शेखर दूध सांडेल, मी जाते,” आणि आत गेले. बाहेर धुकं होतं. ते कुठपर्यंत दिसत होते, ते बघायला मी थांबले नाही.